धक्का थांबल्यावर

“...म्हणजे मग कण पाण्याला सोडतो, की पाणी कणाला?”

बाईंनी हे विचारलं तेव्हा त्या वालाच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मान काही वर केली नव्हती.

“दोन्ही नाही,” रणधीर म्हणाला. “कण कणाला सोडतो.”

“का सोडतो?”

“जमीन हलते. सैल वाळू हलली की दाणे एकमेकांच्या जवळ सरकायला बघतात, घट्ट बसायला बघतात. पण मधे पाणी असतं. त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग वरचा सगळा भार दाण्यांवरून पाण्यावर जातो. दाण्याला दाणा टेकतच नाही. चांगली उभी जमीन आमटीसारखी होते.”

“म्हणजे घट्ट व्हायला गेली आणि पातळ झाली.”

“हो.”

“गंमत आहे,” असं म्हणून बाईंनी पुढची शेंग घेतली.

बाई म्हणजे दमयंती शिर्के. आयुष्यभर त्यांनी इंजिनिअरिंगच्या पोरांना माती शिकवली. निवृत्त होऊन सातारच्या बाजूला नदीकाठी राहायला आल्या, पण मातीने त्यांना सोडलं नाही आणि आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनीही. मी असाच अधूनमधून जाऊन बसतो. तिथे चहा मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितला तर “ओट्यावर पातेलं आहे” एवढंच उत्तर मिळतं. तरी जातो.

रणधीर साळुंखे मात्र कामाने आला होता. बाईंच्या हाताखालून बाहेर पडलेला शेवटचा विद्यार्थी. पोरगा हुशार. हे त्याला माहीत होतं, आणि समोरच्यालाही माहीत असावं याची तो काळजी घ्यायचा.

काम असं होतं. डोंगरात कारवट म्हणून गाव आहे. गावावर मातीचा जुना बांध, बांधामागे तळं, आणि बांधाच्या पायथ्याशी वस्ती. मुलूख भूकंपाच्या धक्क्यांचा. भांडी वाजली की लोक अंगणात येतात, थांबली की आत जातात. मोठा धक्का बसलाच तर या वस्तीने काय करायचं, हे एका समितीला ठरवायचं होतं. रणधीरने तो बांध संगणकावर उभा केला होता आणि हलवून पाहिला होता. बांध टिकतो, तेव्हा धक्का थांबला की लोकांनी खुशाल घरात जावं, असं त्याचं उत्तर होतं.

समिती बाईंचं ऐकायची. दुसऱ्या दिवशी बैठक होती. बाई हो म्हणाल्या की वस्तीत तशी पाटी लागणार होती.

आणि एक. रणधीरची थोरली बहीण, त्याची अक्का, त्याच वस्तीत दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी तीच. हे काम त्याने मागून घेतलं होतं ते तिच्यासाठी.

“दाखव तुझा बांध,” बाई म्हणाल्या.

रणधीरने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. शेंगांची परात थोडी बाजूला सरकवावी लागली, ते बाईंना फारसं आवडलं नाही.

पडद्यावर बांध होता. सगळा कणाकणांनी भरलेला. मातीचे तपकिरी, पाण्याचे निळे. दोन्ही एकाच जागेत मिसळलेले, एकमेकांतून वाट काढणारे, एकमेकांना अडवणारे.

“हा एक कण म्हणजे एक दाणा?” मी विचारलं.

“छे. खरे दाणे घेतले तर जगातला कुठलाच संगणक पुरणार नाही. एक कण म्हणजे पाटीभर माती समजा.” रणधीरने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. “प्रत्येक कण शेजारच्याला बघतो, किती ढकलायचं ते ठरवतो आणि एक पाऊल सरकतो. मग सगळे पुन्हा बघतात. बांध कसा वागेल हे मी कुठेच लिहिलेलं नाही. कण वागतात, त्यातून बांध वागतो.”

हे मात्र त्याने फार छान सांगितलं. बाईंचेही हात थांबले.

“आणि लाल?”

“पाण्याचा दाब वाढला की निळ्याचा लाल होतो.”

त्याने कळ दाबली. जमीन डावीउजवीकडे हलू लागली. बांधाच्या पोटाखाली, नदीच्या जुन्या वाळूत, लाल रंग पसरत गेला. बांध थरथरला. माथा थोडा खचला. मग हलणं मंदावलं आणि थांबलं. चित्रही थांबलं.

बांध उभा होता.

रणधीर हात बांधून मागे टेकला.

“पुढे?” बाईंनी विचारलं.

“पुढे काय? संपलं.”

“काय संपलं?”

“धक्का.”

“आणि बांध?”

“उभा आहे की, बाई. तुमच्यासमोर.”

“हा तर चित्रात उभा आहे. त्यानंतर?”

“त्यानंतर हलवणारं कुणी उरलंच नाही. मग पडेल कसा?”

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. पडद्यावर बोट ठेवलं.

“इथे लाल आहे अजून.”

“असणारच. दाब लगेच उतरत नाही.”

“मग हे लाल कुठे जातं?”

...

रणधीरने पडदा स्वतःकडे वळवला.

“हळूहळू विरतं,” तो म्हणाला.

“पाहिलंस?”

“पाहायची गरज नसते. आमच्याकडे सगळेच धक्का संपला की तिथे गणित थांबवतात. हे गणित मोठ्या संगणकावर चालतं, तिथे रांग असते, बाई. माझ्यामागे दहा जण ताटकळत असतात. काही होत नसताना यंत्र अडवून कोण बसेल?”

“यंत्राला घाई असेल. पाण्याला आहे का?”

रणधीर हसला. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला हसतात तसं. मला राग आला. बाईंना आला नाही. त्या उठून आत गेल्या.

बाहेर आल्या त्या काचेची उंच बरणी घेऊन. एकेकाळी तिच्यात लोणचं असणार. आता पाणी होतं, पाण्यात वाळू, आणि वाळूच्या मधोमध बोटभर जाडीचा करडा पट्टा.

“हा गाळ,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बांधाखाली आहे ना असा थर?”

“आहे. मी घेतलाय तो गणितात.” तो जरा दुखावला होता. “मी काहीच सोडलेलं नाही.”

“घेतलायस ना? शहाणा आहेस. मार आता.”

“कुठे?”

“बुडाशी. मुठीने. फोडू नकोस म्हणजे झालं, ही सकाळी सैल हाताने भरली आहे. एकदा हलली की वाळू घट्ट बसते, मग पुन्हा कितीही मारलंस तरी दाद देत नाही. दर खेपेला ओतून नव्याने भरावी लागते.”

रणधीरने मूठ मारली. वाळू शहारली. वरची पातळी थोडी खाली आली आणि सगळं निवांत झालं.

“बसली,” तो म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळू लागला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“बाई?”

...

त्यांनी मनगट सोडलं नाही. त्या बरणीकडे बघत होत्या, म्हणून तो बघू लागला आणि त्याच्यामागून मी.

...

गाळाच्या पट्ट्याखाली एक रेघ दिसली.

आधी मला वाटलं काचेवर ओरखडा असेल. पण रेघ रुंद होत होती. तिच्यात वाळू नव्हती, गाळ नव्हता. नुसतं स्वच्छ पाणी होतं. त्या पाण्यावर गाळ टेकला होता आणि गाळावर वरची सगळी वाळू.

“हे कुठून आलं?” रणधीरचा आवाज बदलला होता. मघाचा ऐटीतला आवाज नव्हता हा. विहिरीत वाकून बघणाऱ्या पोराचा असतो तसा होता.

“तूच सांग.”

“खालची वाळू बसली... तिच्यातलं पाणी वर निघालं... गाळ त्याला सोडेना, म्हणून इथे साठलं.” तो काचेला नाक लावून बोलत होता. “पण हलणं तर मघाच थांबलं!”

“थांबलं.”

“आणि हे अजून वाढतंय.”

“वाढतंय.”

बाईंनी त्याचं मनगट सोडलं. बरणी दोन्ही हातांनी धरली आणि किंचित कलती केली. अगदी किंचित.

गाळाचा पट्टा वरच्या वाळूसकट सर्रकन एका बाजूला घसरला. खालची वाळू जागची हलली नाही.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“माझ्या बांधात अशी रेघ येईल?” रणधीरने विचारलं.

“मला काय ठाऊक.”

“तुम्हाला ठाऊक असणारच. म्हणून तर ही बरणी काढलीत.”

“बरणीचं ठाऊक आहे. तुझ्या बांधाचं नाही. तो बांध बरणीएवढा नाही, तळ्याचं वजन वेगळं, गाळ वेगळा. तिथे कदाचित नुसतं विरूनही जाईल.” बाई खाली बसल्या. “मी परीक्षा घेत नाहीये रे. मला कळत नाहीये म्हणून विचारतेय. तुझ्याकडे इतके कण आहेत. त्यांना विचार.”

रणधीरने लॅपटॉप पुढ्यात घेतला.

“शेवटची स्थिती जपून ठेवलेली आहे,” तो पुटपुटला. “तिथून पुढे नेता येईल. पण या लॅपटॉपवर फार हळू चालेल.”

“चालू दे. मला कुठे जायचंय?”

आणि ते चालू झालं.

सुरुवातीला तो दर थोड्या वेळाने “काही नाही” म्हणायचा. मोठ्याने, आम्हाला ऐकू जाईल असं. बांध उभा. लाल जिथल्या तिथे. काही नाही. मी आत जाऊन पातेल्यातला चहा गरम करून आणला. बाईंच्या शेंगा संपल्या, तेव्हा त्यांनी ताक घुसळायला घेतलं. काही नाही.

मग त्याचं “काही नाही” बंद झालं.

खुर्ची पुढे ओढली गेली. चहावर साय धरली. त्याने हातानेच मला सरकायला सांगितलं, कारण माझी सावली पडद्यावर पडत होती.

“हे वर चढतंय,” तो म्हणाला.

बाई रवी सोडून आल्या.

लाल रंग खरंच वर चढत होता. घाई नव्हती त्याला. वाळूतून, कणाकणामधून, अंगण उन्हाने भरावं तसा तो वर येत होता. वर गाळाचा थर होता, पडद्यावर करडा. लाल तिथे पोचला आणि आडवा पसरला.

“आता?” बाईंनी विचारलं. त्याही पुढे वाकल्या होत्या. पदर लॅपटॉपवर आला तो त्यांनी आवरला.

“आता एकतर गाळातून झिरपेल आणि विरेल. नाहीतर...”

“नाहीतर?”

“बघू ना, बाई. थांबा.”

आपल्या गुरूला थांबा म्हणालेला रणधीर मी पहिल्यांदाच पाहिला. बाई निमूट थांबल्या.

...

करड्या थराखाली निळी रेघ उमटली. तुटक तुटक होती. मग तुकडे एकमेकांना मिळाले.

...

आणि बांध सरकला.

हादरा नाही, काही नाही. जमीन शांत होती. दुधावरची साय फुंकरीने सरकावी तसा अख्खा बांध गाळाच्या थरासकट पुढे सरकला. मधेच फाटला. फटीतून निळे कण घुसले आणि तळं सुटलं.

“आली! रेघ आली!” रणधीर ओरडला. “बाई, बघितलंत? धक्क्यात नाही, नंतर! मी हे सांगितलंच नव्हतं कणांना, आपलं आपण झालं!”

त्याला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, मलाही झाला. न दिसलेलं काही दिसलं की होतोच. बाईंचेही डोळे चमकत होते.

निळे कण उताराने धावत होते. पायथ्याशी त्याने वस्तीची घरं म्हणून लहान लहान चौकोन काढून ठेवले होते. कण त्या चौकोनांवरून गेले.

रणधीरचा हात हवेतच राहिला.

“हा कडेचा...” तो म्हणाला.

...

“हा कडेचा अक्काचा.”

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो घाबरला होता, ते पाठीवरून कळत असणार.

त्याने खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. लागल्यावर त्याने स्पीकरवर टाकला. मुद्दाम की चुकून, ते मला सांगता येणार नाही.

“अक्का, मी बोलतोय.”

“काय रं, आज दुपारचाच? जेवलास का?”

“जेवलो. अक्का, आपल्याकडं धक्का बसला की तू काय करतीस गं?”

“काय करनार? बाहेर पळत्ये.”

“मग?”

“मग काय मग? थांबला की आत. चुलीवर काय ना काय ठेवल्यालं असतंय. का रं?”

“आणि बाकीची?”

“बाकीची बी. पैली सगळी घाबरून रस्त्यावरच बसायची तासतासभर. म्हातारी मानसं तर रातभर बसायची. आता न्हाई बसत.”

“का न्हाई बसत?”

“का म्हनजे?” अक्का हसली. “तूच की जत्रंत माईकवर सांगितलंस. थांबला की धोका सरला, बिनघोर आत जावा. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, इसरलास व्हय? आता जरा भिंत हादरली की पोरं म्हनत्यात, थांबू दे, रणधीरमामानं सांगितलंय.”

...

रणधीरने डोळे मिटून घेतले.

“अक्का, ऐक. लगेच आत जाऊ नका.”

“आँ?”

“धक्का थांबला तरी आत जाऊ नका. वरच्या माळावर जा, देवळापाशी. समद्यांना घेऊन जा. म्हाताऱ्यांना पहिलं.”

“आरं, पर तूच तर...”

“मी चुकीचं सांगितलं, अक्का.”

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

“बरं,” अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याने आकाश निळं नसून हिरवं आहे म्हटलं असतं, तरी ती बरंच म्हणाली असती. हे मला त्या एका शब्दावरून कळलं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला.

“मी सांगत्ये समद्यांना. पर लोक इचारतील रं. माळावर बसायचं ते किती येळ? तासभर? का दिस मावळूस्तवर? का दुसरा दिस?”

रणधीरने लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर कण अजून सरकत होते. बांधाच्या उरलेल्या तुकड्याखाली लाल रंग अजून होता, आणि तोही हळूहळू वर येत होता.

“रणधीर? हैस का?”

“आहे, अक्का. थांब जरा.”

त्याने फोनवर तळहात ठेवला आणि बाईंकडे वळला. इतका वेळ खुर्चीवर बसून बोलणारा तो आता ओसरीच्या फरशीवर, बाईंच्या पायापाशी उकिडवा बसला होता. कधी बसला ते माझ्या लक्षात आलं नाही.

“बाई, अक्का विचारतेय. किती वेळ?”

...

“मला एक आकडा द्या, बाई. उद्या समितीलाही तोच लागेल. एक आकडा सांगा, मी तिला तो सांगतो. ती ऐकेल. सगळं गाव ऐकेल.”

बाईंनी आधी फोनवरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

...

“तिला म्हणावं, भाऊ अजून बघतोय.”